शादलूला सोडलं ते चुकलं का? पलटणचा हिशोब आणि आपला हिशोब



या आठवड्याचा व्हिडिओ होता ‘हुकमी माणूस ठेवायचा की सोडायचा?’ चौदा मिनिटांत जेवढं बसलं तेवढं बोललो. पण खाली कमेंटमध्ये निम्मी भांडणं धंद्यावरून झालीच नाहीत, ती झाली पुणेरी पलटणवरून! ‘शादलूला सोडायलाच नको होतं’ म्हणणारे एकीकडे, ‘सोडलं तेच बरं झालं’ म्हणणारे दुसरीकडे. काही जणांनी मला थेट विचारलं, ‘सर, तुम्ही कुठल्या बाजूला?’

दोन्ही बाजू बरोबर आहेत असं गुळमुळीत बोलून सुटायला मला आवडत नाही. म्हणून माझं मत हिशोबासकट इथे लिहितो. कबड्डी बघत नसाल तरी वाचा. शेवटी गाडी तुमच्या शेडमध्येच येऊन थांबणार आहे.

फोन कुठून आला

३१ ऑक्टोबर २०२५, शुक्रवारची रात्र. दिवाळी नुकतीच संपलेली. दिल्लीत प्रो कबड्डीचा अंतिम सामना झाला आणि पलटण दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली. फक्त तीन गुणांनी. टीव्ही बंद करतोय तेवढ्यात फोन वाजला. आपल्या एका जुन्या बॅचमधले उद्योजक. भोसरी एमआयडीसीत त्यांचं जॉबवर्कचं युनिट आहे. चार व्हीएमसी मशीन, अकरा माणसं.

‘सर, बघितलं ना? शादलूला सोडलं तिथंच यांनी माती खाल्ली. मी तर ठरवलं, काही झालं तरी माझा माणूस सोडायचा नाही.’

‘माझा माणूस’ म्हणजे त्यांचा सेटर. नऊ वर्षं त्यांच्याकडे. पगार ३४ हजार. चाकणच्या एका कंपनीने त्याला ४८ हजारांची ऑफर दिली होती. वर कँटीन, बस, सगळं. त्याने मालकांना सरळ येऊन सांगितलं होतं, पुढच्या पगारापर्यंत सांगा. मालकांची झोप उडाली होती, आणि पलटण हरली त्या रात्री त्यांना उत्तर सापडलं. निदान त्यांना तसं वाटलं.

मी म्हटलं, ‘साहेब, निर्णय घ्या, पण तीन गुणांच्या पराभवाच्या रागात घेऊ नका. उद्या बसू.’

आधी काय काय झालं ते बघू

वाद घालताना आपण सोयीचा एक हंगाम उचलतो आणि बाकीचे विसरतो. म्हणून सगळे क्रमाने मांडतो.

नववा हंगाम, २०२२. पलटणने इराणचा फझल अत्राचली १ कोटी ३८ लाखांना घेतला. डावा कोपरारक्षक. त्यालाच कर्णधार केलं. पलटण अंतिम फेरीत पोचली आणि १७ डिसेंबरला मुंबईत जयपूर पिंक पँथर्सकडून ३३-२९ अशी हरली. पुढच्या हंगामाआधी फझलला सोडलं.

दहावा हंगाम. ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात पलटणने दुसरा इराणी घेतला, मोहम्मदरेझा शादलू. किंमत २ कोटी ३५ लाख. परदेशी खेळाडूला तोवर मिळालेली सगळ्यात मोठी रक्कम. साखळीत २२ पैकी १७ सामने जिंकले, फक्त दोन हरले. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पलटणने पहिलं विजेतेपद मिळवलं. शादलूचे पकडींचे ९९ गुण. स्पर्धेतला सर्वोत्तम बचावपटू तोच.

अकरावा हंगाम. ज्याच्यामुळे जिंकलो असं सगळं पुणं म्हणत होतं, त्यालाच पलटणने राखला नाही. ऑगस्ट २०२४ च्या लिलावात हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना नेलं. त्या वर्षी हरियाणाने पहिलं विजेतेपद पटकावलं, आणि शादलू स्पर्धेतला सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला. अंतिम सामना कुठे होता माहितीये? आपल्या बालेवाडीत. २९ डिसेंबर २०२४. पलटणचा जुना गडी पलटणच्याच अंगणात दुसऱ्याच्या जर्सीत करंडक उचलत होता, आणि पलटण पहिल्या सहांतही नव्हती. पुणेकराला हे लागणारच.

बारावा हंगाम, २०२५. शादलू आणखी एकदा लिलावात. गुजरात जायंट्सने २ कोटी २३ लाख मोजले आणि कर्णधारही केलं. गुजरातला पहिल्या आठांत जागा मिळाली नाही. इकडे पलटण शादलूशिवाय साखळीत १८ पैकी १३ सामने जिंकून अव्वल राहिली, आणि अंतिम सामना तीन गुणांनी हरली.

आता वाद घालू.

‘शादलू असता तर’ म्हणणाऱ्यांची बाजू

ही बाजू कच्ची नाही. तिला झटकून टाकणं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही.

कबड्डीत डावा कोपरा म्हणजे काय? बहुतेक चढाईपटू उजव्या हाताचे असतात, ते चढाई करताना बचावाच्या डाव्या बाजूला जास्त जातात. तिथे उभा असलेला माणूस दिवसभर संकटाच्या तोंडावर असतो. त्याने पायाची पकड केली की समोरचा हुकमी चढाईपटू बाहेर बसतो. म्हणजे एक गुण तर मिळतोच, शिवाय समोरच्याची कमाई काही मिनिटं बंद. बास्केटबॉलमध्ये बास्केटखाली उभा असलेला उंचापुरा सेंटर जे काम करतो तेच. तो असेल तर समोरचे त्या बाजूला यायलाच बिचकतात. ही भीती स्कोअरबोर्डवर दिसत नाही, पण सामना तीच फिरवते.

आणि अंतिम सामना तीन गुणांनी गेला. तीन गुण म्हणजे दोन चांगल्या पकडी आणि थोडं नशीब. असा एक माणूस असता तर ते तीन गुण आले नसते का? आले असतेही. त्यात मीठ चोळायचं तर, दिल्लीच्या संघात कोण होतं? फझल अत्राचली. पलटणने २०२२ नंतर सोडलेला तोच. शेवटच्या क्षणांत पलटणच्या आदित्य शिंदेची मोक्याची पकड त्यानेच केली.

म्हणजे दोनदा मोठा कोपरारक्षक सोडला, आणि दोघांनीही दुसऱ्यांच्या अंगणात जाऊन विजेतेपद घेतलं. या बाजूच्या माणसाला राग येणं मला समजतं.

तरीही मी दुसऱ्या बाजूला का

कारण मी एकाच माणसाचे सगळे हंगाम शेजारी ठेवून बघितले. धंद्यात आपण हेच करत नाही. आपण मशीन बदलतो, माणूस बदलतो, भाव बदलतो, सगळं एकदम, आणि मग कळतच नाही की फरक कशाने पडला. इथे देवाने आपल्याला प्रयोगच करून दिलाय. माणूस तोच, संघ वेगवेगळे.

पलटणने शादलूला घेतलं तेव्हा पलटण काय होती? आदल्या वर्षीची उपविजेती. हरियाणाने घेतलं तेव्हा हरियाणा काय होती? आदल्या वर्षीची उपविजेती. दोन्ही ठिकाणी तो आला आणि संघ विजेता झाला.

गुजरातने घेतलं तेव्हा गुजरात आदल्या वर्षी तळाच्या संघांत होती. शादलू आला, कर्णधार झाला, आणि संघ पहिल्या आठांतही आला नाही. त्याआधी नवव्या हंगामात तो पाटणा पायरेट्सकडे होता. त्या वर्षीही तो जोरात खेळला, पण पाटणा बाद फेरीत पोचली नाही.

चित्र स्पष्ट आहे. हा माणूस दुसऱ्याला पहिला करतो. शेवटच्याला वर आणत नाही. तो घराच्या स्लॅबवरचा शेवटचा मजला आहे. खालचे मजले आधी बांधलेले असावे लागतात.

ते मजले पलटणकडे कोणी बांधले? नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, पंकज मोहिते, मोहित गोयत, आकाश शिंदे. ही पोरं पलटणने लहान वयात, कमी किमतीत घेतली, हंगामामागून हंगाम खेळवली. विजेतेपदाच्या वर्षी सर्वात मौल्यवान खेळाडूचा मान शादलूला मिळालाच नव्हता, तो मिळाला होता अस्लमला. अंतिम सामन्यात एका चढाईत चार गडी टिपून सामना फिरवला तो पंकजने. लोकांच्या डोक्यात मात्र २ कोटी ३५ लाखांचा आकडा राहतो, कारण आकडा लक्षात ठेवायला सोपा असतो.

हरियाणाचंही तसंच. बचावात जयदीप दहिया, राहुल सेठपाल आधीपासून उभे होते. चढाईला विनय आणि आपला शिवम पटारे. शादलू त्या रांगेत जाऊन उभा राहिला.

पाच कोटींची पर्स

आता पैशाकडे येऊ. प्रो कबड्डीत प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्चायला पाच कोटींची मर्यादा आहे आणि संघात किमान १८ माणसं लागतात. दहाव्या हंगामात पाचातले २ कोटी ३५ लाख एकाला दिले. म्हणजे ४७ टक्के. उरले २ कोटी ६५ लाख. ढोबळ हिशोबाने उरलेल्या १७ जणांना सरासरी साडेपंधरा लाख.

हे जमलं कसं? चढाईपटू तरुण होते, स्वस्त होते म्हणून. जमलं, करंडक आला. पण करंडक आला की काय होतं? सगळ्यांचा भाव वाढतो. काल जो मुलगा ‘संधी द्या’ म्हणत होता तो आज विजेत्या संघाचा चढाईपटू असतो. त्याचं त्यात काही चुकत नाही. तुमची पर्स मात्र पाच कोटींचीच राहते.

म्हणजे २०२४ च्या उन्हाळ्यात पलटणसमोर खरा प्रश्न ‘शादलू हवा की नको’ असा नव्हताच. तो कोणाला नको असेल? प्रश्न होता, शादलूला ठेवायचं तर कोणाला सोडायचं? अस्लमला? पंकजला? बचावातल्या गौरव खत्रीला की अबिनेश नादराजनला? पलटणने ठरवलं, एक मोठा जाऊ दे, घरची फळी राहू दे.

असा प्रश्न जगभर पडतो. अमेरिकेच्या एनबीएमध्ये २०२२ मध्ये युटा जॅझने आपला बचावाचा राजा, रूडी गोबेअर नावाचा सेंटर, मिनेसोटाला दिला. बदल्यात पाच खेळाडू आणि पुढच्या वर्षांमधले पहिल्या फेरीचे चार हक्क घेतले. सगळे म्हणाले, मिनेसोटाने फार मोजलं. पहिल्या वर्षी तसंच दिसलं. मग २०२४ आणि २०२५, लागोपाठ दोनदा मिनेसोटा आपल्या विभागाच्या अंतिम फेरीत गेली. का? कारण अँथनी एडवर्ड्ससारखा तरुण धडाकेबाज खेळाडू आणि चांगली फळी तिथे आधीच होती. आणि युटा? माणूस गेला, बदल्यात भविष्य घेतलं, आणि २०२४-२५ मध्ये ८२ पैकी फक्त १७ सामने जिंकले. सोडून मिळालेलं भविष्य आपोआप पिकत नाही, त्यासाठी नांगरावं लागतं.

मग पलटण चुकली कुठे?

सोडलं ते बरोबर म्हणालो म्हणून सगळं बरोबर झालं असं नाही. अकराव्या हंगामात पलटण पहिल्या सहांत आली नाही, त्याला कारण आहे.

हंगाम सुरू झाला तेव्हा गाडी बरी चालली होती. मग कर्णधार अस्लमला गुडघ्याच्या दुखापतीने हंगाम अर्ध्यात सोडावा लागला, आणि संघ घसरला. म्हणजे बघा, एका हुकमी माणसावर अवलंबून राहायचं नाही म्हणून शादलूला सोडलं, आणि नकळत दुसऱ्या हुकमी माणसावर अवलंबून राहिले. नाव बदललं, सवय तीच.

बाराव्या हंगामात काय वेगळं झालं? अजय ठाकूर प्रशिक्षक म्हणून आला, आणि चढाईचं ओझं एकावर राहिलं नाही. आदित्य शिंदेसारखा मुलगा अंतिम सामन्यात संघ ओढत होता. तो शेवटी पकडला गेला, ठीक आहे. पण त्या जागेवर उभं राहायची वेळ त्याच्यावर आली आणि तो उभा राहिला, यातच दोन वर्षांची कमाई आहे.

माझं मत एका वाक्यात सांगायचं तर असं: शादलूला घेतलं ते बरोबर, सोडलं तेही बरोबर, पण सोडायच्या आधी जी तयारी हवी ती एक हंगाम उशिरा झाली. त्या उशिराची किंमत म्हणजे बालेवाडीतली ती संध्याकाळ.

आणि पुढे? लिलावाच्या वेळी पलटणने पुन्हा मोठा कोपरारक्षक घ्यावा का? संघ आता पुन्हा ‘दुसरा’ आहे, म्हणजे असा माणूस कामाला येण्याची हीच वेळ. मी म्हणेन, जरूर बोली लावा, पण आधी आकडा कागदावर लिहून खोलीत जा. माझा आकडा पर्सच्या तीस टक्क्यांचा, म्हणजे दीड कोटी. त्यापुढे गेला तर हात खाली. समोरचा घेऊन जाईना का. बोलीच्या गर्दीत सुचलेला भाव तुम्हाला कधीच परवडत नाही.

आता भोसरीत या

दुसऱ्या दिवशी आम्ही बसलो. पहिला प्रश्न मी विचारला, ‘चौदा हजार वाढवले तर खर्च किती वाढेल?’

‘चौदा हजार.’

‘नाही. सांगा, बाकीच्यांना कळणार नाही का?’

गप्प. शेडमध्ये पगार गुप्त राहतो असं फक्त मालकाला वाटतं. त्यांचा महिन्याचा एकूण पगार २ लाख ४० हजार. सेटरला ४८ दिले की बाकीचे दहा जण येणार. प्रत्येकाला तीन हजार धरले तरी तीस हजार. म्हणजे महिन्याला चौदाचे झाले चव्वेचाळीस हजार. वर्षाला ५ लाख २८ हजार.

मग दुसरी बाजू. तो गेला तर? त्याला एक सेटिंग लावायला दीड तास लागतो, दुसऱ्या मुलाला तीन. महिन्याला साधारण चाळीस सेटिंग होतात. म्हणजे साठ तास मशीन रिकामं. त्यांचा मशीनचा दर तासाला साडेचारशे. म्हणजे महिन्याला २७ हजार पाण्यात.

इथे थांबा. बऱ्याच मोटिव्हेशनवाल्यांनी तुम्हाला सांगितलं असेल, ‘कोणावाचून काही अडत नाही.’ अडतं! महिन्याला २७ हजारांनी अडतं. नुसते चौदा हजार विरुद्ध सत्तावीस हजार बघितले तर ठेवणं स्वस्त आहे. लाटेसकट चव्वेचाळीस धरले तर सोडणं स्वस्त. आणि दुसरा मुलगा सहा महिन्यांत तयार झाला तर हे सत्तावीस दर महिन्याला कमी होत जातात, चव्वेचाळीस मात्र कायमचे.

मग मी तिसरा प्रश्न विचारला, आणि खरी मेख तिथे निघाली. ‘त्याच्या सेटिंग लिहिलेल्या आहेत का? कुठल्या जॉबला कुठलं फिक्स्चर, कुठलं टूल, ऑफसेट किती, कुठे तपासायचं?’

‘सगळं त्याच्या डोक्यात आहे, सर.’

नऊ वर्षं! म्हणजे तो माणूस हुशार होता म्हणून तर महाग होताच, पण निम्मा महाग होता तो आपण वही न ठेवल्यामुळे. त्याच्या कौशल्याची किंमत द्यायलाच हवी. आपल्या आळसाची किंमत त्याच्या पगारात मोजायची आणि मग त्याच्यावरच चिडायचं, हे बरोबर नाही.

आणि एक सांगून ठेवतो. त्या सेटरला मी एका शब्दानेही दोष देणार नाही. घरी दोन मुलं शिकतायत, त्याला चांगला पगार मिळतोय, तो आधी येऊन सांगतोय. त्याला नमकहराम म्हणणारा मालक मला माझ्या बॅचमध्ये नको. शादलूही जिथे बोली लागली तिथे गेला, आणि प्रत्येक ठिकाणी जीव तोडून खेळला. त्यापेक्षा जास्त मागायचा आपल्याला हक्क नाही.

काय ठरलं, आणि काय झालं

ठरलं असं. त्याला प्रामाणिकपणे सांगायचं, चाळीसपर्यंत झेप आहे, अठ्ठेचाळीस झेपत नाहीत. थांबलास तर आनंद. जायचं असेल तर दोन महिने दे, आणि त्या दोन महिन्यांत दोन मुलं तयार कर. त्याबद्दल वेगळे पैसे, जाताना हातात.

तो गेला. जानेवारीत. पण दोन महिने त्याने मनापासून दिले. एकतीस जॉबच्या सेटअप शीट तयार झाल्या, मोबाईलवर फोटोंसकट.

आणि तरी फेब्रुवारीत फोन आलाच. एक लॉट रिजेक्ट झाला होता. ३८ पीस. ग्राहकाची डेबिट नोट आली होती. आवाज पडलेला. ‘सर, तुमचं ऐकून चुकलो की काय?’

खरं सांगतो, मलाही क्षणभर पोटात गोळा आला. सल्ला देणाऱ्याचं काय जातं? डेबिट नोट त्यांच्या नावावर असते, माझ्या नाही. मी विचारलं, तो जॉब त्या एकतीसात होता का? नव्हता. नवा जॉब होता, शीट बनलीच नव्हती, पहिला पीस तपासून सही न घेताच मुलाने लॉट लावला होता.

मी म्हटलं, ‘साहेब, हा तुमचा अकरावा हंगाम आहे. हा येणारच होता. मी तो आधी सांगायला हवा होता, ते माझं चुकलं. आता तुम्ही घाबरून पन्नास हजारांचा सेटर आणलात तर हा हंगाम फुकट जाईल. त्या मुलाला शिव्या घालू नका. बत्तिसावी शीट बनवा, आणि पहिल्या पीसवर सहीशिवाय मशीन चालू होणार नाही असा नियम लावा.’

मार्च गेला. दुसरा लॉट रिजेक्ट झालेला नाही. सेटिंगचा वेळ तीन तासांवरून सव्वादोनवर आलाय. दीडवर अजून आलेला नाही. करंडक नाही, पण संघ मैदानावर आहे.

तुमच्यासाठी चार गोष्टी

१. मोठा माणूस आणायच्या आधी स्वतःची जागा ओळखा. तुमचा धंदा ‘दुसरा’ असेल, सगळं नीट चालतंय आणि एकाच ठिकाणी अडतंय, तर मोठा माणूस घ्या, पैसे वसूल होतील. धंदा तळाला असेल, माल वेळेवर जात नाही, उधारी येत नाही, तर मोठा सेल्स मॅनेजर आणून काही होणार नाही. तो तुमचा गुजरात होईल.

२. पगारवाढ मोजताना लाट मोजा. एकाला दिलेला आकडा बाकीच्यांपर्यंत पोचतो असं धरूनच हिशोब करा. मग जो येईल तो खरा आकडा.

३. सोडायचं असेल तर तयारी आधी, निरोप नंतर. ज्याच्या जाण्याने धंदा थांबेल त्याच्या शेजारी आजपासून एक मुलगा उभा करा. तो जाणार नाही याची खात्री असली तरी. गुडघा कोणाचाही दुखावू शकतो.

४. एका सामन्यावर निर्णय मोजू नका. तीन गुणांनी हरलो म्हणून निर्णय चुकीचा ठरत नाही, आणि तीन गुणांनी जिंकलो असतो तर बरोबर ठरला असता असंही नाही. दोन हंगाम द्या. मात्र दोन हंगामांनंतरही तेच रडगाणं असेल, तर चूक मान्य करा.

गृहपाठ

आज रात्री एक कागद घ्या. तुमच्या धंद्यातली तीन माणसं लिहा, जी उद्या आली नाहीत तर काम थांबेल. प्रत्येकाच्या नावापुढे लिहा, त्याचं काम कागदावर आहे की फक्त डोक्यात, आणि त्याच्या जागी उद्या कोण उभं राहील. तिसरा रकाना रिकामा राहिला तर घाबरू नका, बहुतेकांचा रिकामाच असतो. पण महिनाभराने तो रिकामा राहता कामा नये.

आणि हो, कमेंटमध्ये पलटणवरून भांडायला माझी ना नाही. फक्त भांडताना एकच हंगाम उचलू नका, सगळे आकडे घेऊन या. ‘शादलू ठेवायलाच हवा होता’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं जरूर लिहा: त्याला ठेवण्यासाठी तुम्ही पलटणमधून कोणाला सोडलं असतं? नाव लिहा. ज्याचं उत्तर मला पटेल त्याच्यावर पुढच्या व्हिडिओत बोलू.

भेटू पुढच्या मंगळवारी. तोपर्यंत कामाला लागा.